आमच्या घरातली रेड

"आमच्या घरी रेड आहे," असे मी बागेतल्या बाकावर सहज म्हणालो, तर शेजारचे दोन पेन्शनर दचकून लांब सरकले. वास्तविक प्राप्तिकरवाल्यांनी धाड घालावी अशी माझी ऐपत असती, तर हेच दोघे रोज जवळ सरकून बसले असते. पण ही रेड म्हणजे धाड नव्हे, आणि पैठणला वेद म्हणणारा रेडाही नव्हे. ही संगणकातली.

तिची हकीकत अशी. 1988 साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या तिघांनी एक निबंध लिहिला. सार एवढेच, की एक अवाढव्य महागडी डिस्क घेण्याऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ लहान डिस्का एकत्र नांदवा. आता माणसे वाढली की घरात कोणी ना कोणी आजारी असायचेच. म्हणून थोडी जादा माहिती राखून ठेवा, म्हणजे एक डिस्क निवर्तली तरी बाकीच्यांनी संसार रेटावा. थोडक्यात, एकत्र कुटुंब. रेडच्या इंग्रजी नावातल्या 'आय'चा अर्थ आधी 'स्वस्त' असा होता, पुढे तो 'स्वतंत्र' झाला. एकत्र कुटुंबात हेही व्हायचेच.

हे ज्ञान मला शेजारच्या चिरंजीवांनी दिले. "काका, रेड शून्यात फायलीचे तुकडे सगळ्या डिस्कांवर वाटतात. वेग मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं." म्हणजे नावातच शून्य; निदान फसवणूक नाही. रेड एकमध्ये एका डिस्कवरचे सारे दुसरीवर जसेच्या तसे. आणि रेड पाच? ती मला वाण्याच्या बिलावरून कळली. तेल, साखर, डाळ आणि खाली बेरीज. झुरळाने साखरेचा आकडा खाल्ला, तर बेरजेतून बाकीचे वजा करायचे, साखर परत! फक्त ही बेरीज एकीकडेच न ठेवता पाळीपाळीने सगळ्या डिस्कांवर ठेवतात. झुरळाने दोन आकडे खाल्ले, तर मात्र वाणी म्हणेल ते खरे. म्हणून रेड सहामध्ये निराळ्या तऱ्हेची आणखी एक बेरीज असते.

आम्ही दोन डिस्कांची पेटी घेतली. रेड एक. "एवढे पैसे घालून निम्मीच जागा?" हिने विचारले. हिला कसे सांगावे, की त्या पेटीत माझी आई होती?

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी मी टेपरेकॉर्डरवर तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. मध्येच ती मांजराला हाकलते, मध्येच "हे बंद झालं का रे?" म्हणते. कॅसेटला बुरशी धरू लागली, तेव्हा एका दुकानातून तिची फाइल करून आणली, आणि दिवाळीच्या आवराआवरीत हिने कॅसेट टाकून दिली.

एके रात्री पेटी पीं पीं ओरडू लागली. मी आधी गॅस बघून आलो. पेटीवर तांबडा दिवा! एक डिस्क वारली होती. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी नवी बसवली, पेटीने सगळे तिच्यावर उतरवून घेतले, आणि आईचा आवाज जसाच्या तसा. त्या आठवड्यात मी बागेत दुसरे काही बोललोच नाही.

गर्वाचे घर खाली म्हणतात. पावसाळ्यात मी जागा मोकळी करायला बसलो. 'आई' आणि 'आई नवीन' असे दोन कप्पे दिसले. एक दुबार असणार म्हणून पुसला. पितृपक्षात उघडून बघतो, तो दुसऱ्यात हिच्या आईच्या काशीयात्रेचे फोटो! ओव्या नाहीत. मधल्या काळात भाचीच्या लग्नाचा सहा तासांचा व्हिडिओ त्या जागेवर येऊन बसलेला.

"पण रेड आहे ना?" मी जवळजवळ ओरडलो.

"काका, रेड डिस्क मेली तर वाचवते. तुम्ही पुसलंत, तर ती दोन्हीकडचं पुसते. त्याच क्षणी. रेड म्हणजे बॅकअप नव्हे."

इतका आज्ञाधारकपणा आमच्या घरात दुसऱ्या कुणी कधी दाखवला नाही.

त्या रात्री जेवण गेले नाही. हीही काही बोलली नाही, यावरून काय ते समजा. सकाळी मी मिरजेला ताईला फोन करून गुन्हा कबूल केला. ताई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "दोन वर्षांमागे भाऊबीजेला साडीऐवजी ते बोटाएवढं काळं काहीतरी घातलं होतंस ना ओवाळणीत? आईचा आवाज आहे म्हणाला होतास. रागानं तांदळाच्या डब्यात टाकलंय. तिथंच असेल."

तो पेन ड्राइव्ह! माझ्या चिकटपणाने आई वाचली. चिरंजीव म्हणाले, बॅकअप म्हणतात तो हाच. वेगळी प्रत, वेगळ्या गावात आणि, माझ्याकडे बघून, "वेगळ्या माणसाकडे."

आता दर भाऊबीजेला मी मिरजेला नवी प्रत घेऊन जातो. सोबत साडीही. ताईची अट आहे: आधी साडी, मग तांदळाचा डबा उघडणार.