सोनेरी रेघ

नोकरीनिमित्त टोरोंटोस असताना जुन्या सामानाच्या विक्रीत मला एक गंजलेली सायकल मिळाली. हँडलखालील बिल्ल्यावर ‘सी.सी.एम.’ ही अक्षरे होती. १८९९ साली पाच सायकल-उत्पादकांच्या एकीकरणातून निघालेली ही ‘कॅनडा सायकल अँड मोटर कंपनी’ १९८३ साली दिवाळखोरीत गेली. तिच्या जुन्या सायकली मात्र अजूनही अडगळीतून बाहेर पडतात. बैठकीखालील नळीवर ठोकलेल्या क्रमांकातील अक्षरावरून सायकलीचे साल ताडता येते, असे मला कळले.

तो क्रमांक शोधण्यासाठी मी अधीरपणे काचकागद चालवला. काळ्या थराखालून तांबडा रंग आणि कुणा कारागिराने ओढलेली सोनेरी रेघ डोकावली. पाहता पाहता तीही झिजून गेली. क्रमांक सापडला, रेघ हरवली!

मग मी हात आवरला. छर्रे रॉकेलने धुऊन नवे ग्रीस भरले, गंजलेले हँडल अ‍ॅल्युमिनियमच्या ओल्या कागदाने घासले. उरलेल्या रंगाला केवळ तेलाचे बोट लावले.

त्या वेळी वडील आठवले. वडोदऱ्यास दर रविवारी ते अंगणात सायकल उलटी ठेवून तिला तेल देत. त्यांच्या मागे ती सायकल मीच भंगारात घातली. ती कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची, हे एकदाही पाहिले नाही. परक्याची सायकल मी जपली. घरची ओळखलीही नाही.

विद्यार्थिमित्रहो, घरातील जुनी वस्तू टाकण्यापूर्वी तिच्यावरील धूळ हलक्या हाताने पुसून पाहा. खाली कुणाची तरी रेघ असेल.