गुलाबी किडे आणि माझा ईएमआय

‘मरीन बायोलॉजी’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत डॉल्फिन उड्या मारायला लागतात. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझ्या इंटर्नशिपचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘वॉव, म्हणजे रोज स्कूबा?’ नाही हो. रोज चिखल!

एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला मी कोकण किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत दोन महिने होते. काम काय, तर ‘ग्रॅब’ नावाच्या लोखंडी जबड्याने समुद्रतळाचा चिखल वर काढायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा आणि वर उरेल ते फॉर्मालिनमध्ये ठेवायचं. त्यात रोझ बेंगॉल हा रंग घातला की जीव तेवढे गुलाबी होतात, वाळू आहे तशीच राहते. मग मायक्रोस्कोपखाली बसून चिमट्याने एकेक गुलाबी किडा वेचायचा. आजी तांदूळ निवडायची ना, अगदी तसं. या किड्यांना म्हणतात पॉलिकीट. कुठल्या कुळातला आहे हे त्याच्या अंगावरचे केस आणि वल्ह्यासारखे पाय बघून ठरवायचं. बोटीवर मी फक्त दोनदा गेले, आणि त्यातल्या एकदा पूर्ण वेळ उलट्या.

बोअर? सुरुवातीला प्रचंड. पण खाडीत सांडपाणी वाढलं की आधी तळाची ही मंडळी बदलते. नाजूक जाती गायब होतात आणि कॅपिटेलासारखे चिवट किडे माजतात. पाण्याचा नमुना त्या दिवसाची गोष्ट सांगतो, किडे मात्र गेल्या कित्येक महिन्यांची. हे कळल्यावर मी रात्री साडेनऊपर्यंत लॅबमध्ये बसायला लागले.

स्टायपेंड किती? शून्य. खोलीचं भाडं, मेस, सगळं बाबांच्या खिशातून. आमच्या बॅचची टॉपर तिथे आलीच नाही, कारण तिच्या घरून दोन महिन्यांचं भाडं निघत नव्हतं. ती आज क्लासमध्ये बारावीची बायॉलॉजी शिकवते. किडे वेचायला खरं तर तिचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते, यार.

त्यामुळे घरात कुणी झूलॉजीवालं असेल तर त्याला आत्ताच कामाला लावा. गोव्यात दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिचं केंद्र मुंबईतही आहे. वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची ‘सीआयएफई’ आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून समर रिसर्च फेलोशिप असते, दोन महिन्यांची, आणि तिला चक्क स्टायपेंड असतो! बहुतेक ठिकाणी कॉलेजचं पत्र मागतात. गोची इथेच आहे. आयकार्ड बदललं, गळ्यात कंपनीचा पट्टा आला, की ते पत्र देणार कोण?

आपल्यासारख्यांना मग उरते ओहोटी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या शोअर वॉकला मी जायला लागले. एकदा सोबतच्या काकांनी भरतीचा जुना हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी नऊच्या आसपास. माझ्या आउटलुक कॅलेंडरमध्ये आता अमावस्या-पौर्णिमाही आहेत, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं.

गेल्या महिन्यात एका प्रोजेक्ट असिस्टंटच्या पोस्टची जाहिरात दिसली. एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, पगार आत्ताच्या निम्मा. एक्सेल उघडलं. गाडीचा ईएमआय जाऊन हातात काय उरतं ते पाहिलं, गाडी विकली तर काय तेही पाहिलं. दुसरा कॉलम बरा दिसतोय. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘अगं, किडे निवडायला शिकवलं का तुला एवढं?’ बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त गाडीची आरसी कुठे आहे ते विचारलं.

इंटरव्ह्यू मंगळवारी आहे. बॉसला डेंटिस्ट सांगितलाय.