तो बाग, ती बाग, तें उद्यान

पुण्याचीं जुनीं स्थलनामें एका दमांत म्हणून पाहावींत. तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग, रमणबाग, विश्रामबाग, हिराबाग, सारसबाग, माणिकबाग! परक्या माणसाचा असाच समज व्हावा कीं, हें शहर म्हणजे एक अखंड उपवन आहे. परंतु तो बिचारा या नांवांवर विसंबून शहरांत शिरला, तर तुळशीबागेंत त्यास मंजिऱ्यांऐवजीं बांगड्या, भांडीं आणि भातुकलीचा संसार मिळेल. बेलबागेंत, जेथें शंकर असावा तेथें, नाना फडणिसांनीं बांधविलेल्या देवळांत विष्णु विराजमान दिसेल. रमणबागेंत शाळेची घंटा ऐकूं येईल. आणि विश्रामबागेपाशीं विश्राम तर राहोच, रस्ता ओलांडण्यासहि सवड मिळणार नाहीं. पेशव्यांच्या राजधानींत ज्याच्या हातीं चार पैसे आले त्यानें वाडा बांधावा आणि बाग लावावा, अशी रीत होती. पुढें शहर वाढलें, बागा बुजल्या, आणि नांवें तेवढीं उरलीं.

'बाग लावावा' असें मीं लिहिलें, तें मुद्रकाच्या हातून झालेलें स्खलन नव्हे. जुन्या कागदपत्रांत बाग हा पुल्लिंगी आढळतो. आमच्या लहानपणापासून ती स्त्रीलिंगी आहे. आणि महानगरपालिकेनें तिला लोखंडी फाटक, वेळापत्रक व नियमांची पाटी देऊन 'उद्यान' केल्यापासून तें नपुंसकलिंगी झालें आहे. एकाच वस्तूनें तिन्ही लिंगांचा असा अनुभव घेतल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं. (व्याकरणाच्या अध्यापकांनीं रागावूं नये, मी इंग्रजीचा प्राध्यापक आहें.)

बागांकडे माझें लक्ष वेधलें जाण्याचें कारण मात्र व्याकरणाचें नव्हे. कोथरूडांत वडिलांनीं बांधलेला आमचा बंगला तीन वर्षांपूर्वीं आम्हां भावंडांच्या संमतीनें पाडला गेला आणि त्या जागीं सात मजल्यांची इमारत उभी राहिली. आज कोथरूडच्या हरएक गल्लींत हीच कथा असल्यामुळें तिचें दुःख करण्याचीहि सोय नाहीं; भेटणारा एवढेंच विचारतो, 'कितवा मजला मिळाला?' आम्हांस पांचवा मिळाला. वारा उत्तम येतो. पण जुन्या घराच्या परसांत एक म्हातारा आंबा होता, कढीलिंब होता, आणि विहिरीच्या कठड्याशीं प्राजक्त होता. कराराच्या कागदांत चौरस फुटांना भाव लावलेला होता, प्राजक्ताचा उल्लेख नव्हता. त्र्याऐंशी वर्षांच्या आईनें निमूटपणें सह्या केल्या आणि टोपण लावतां लावतां विचारलें, "आणि देवाला फुलं?" त्या प्रश्नाचें उत्तर आम्हां तिघां भावंडांपैकीं कोणाजवळहि नव्हतें.

ज्याचें परस गेलें त्यानें सार्वजनिक बागांची मोजदाद करावी, अशा कांहींशा विचारानें मीं गेल्या वर्षीं रविवारच्या रविवारीं शहरांतील बागा पायीं हिंडून पाहिल्या. नियम एकच ठेवला होता : जातांना पाय, येतांना वाहन. मार्च २०२२ पासून वनाजला मेट्रो येऊन लागली आहे, त्यामुळें कोथरूडकरास परतीची चिंता उरलेली नाहीं. पायपिटीचा अभिमान मात्र मीं बाळगला नाहीं. महर्षि कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत आणि दिवसाचें काम आटोपून हिंगण्याच्या आश्रमाकडे पायीं जात. पावसाळ्यांत तर ती वाट चिखलाची असे. १९०० सालीं त्या माळावर एक झोंपडी होती, एवढेंच. त्यांच्याच नांवाच्या डांबरी रस्त्यानें सारसबाग गांठल्याची फुशारकी कोणत्या तोंडानें सांगावी?

सारसबागेंत मी सर्वांत अधिक वेळां गेलों. नानासाहेब पेशव्यांनीं आंबील ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशीं तळें करविलें आणि मध्यें बेट राखून त्यावर बाग केली. १७८४ सालीं, सवाई माधवराव जेमतेम दहा वर्षांचे असतांना, त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. कालांतरानें तळें नाहींसें झालें. गणपति मात्र लोकांच्या जिभेवर अद्याप 'तळ्यांतला'च आहे. आज जेथें पेशव्यांच्या नौका तरंगत, तेथें हिरवळीवर सतरंज्या तरंगत असतात. रविवारीं सायंकाळीं एका सतरंजीवर तीन पिढ्या आणि पोळीभाजीचा डबा, दुसरीवर स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें उशाला घेऊन झोंपीं गेलेला विद्यार्थी, तिसरीवर नुकतेंच लग्न झालेलें आणि काय बोलावें हें न सुचणारें एक जोडपें. शेजारच्या पेशवे पार्कांत १९५३ पासून प्राणी होते व १९५६ पासून 'फुलराणी' धांवूं लागली. १९९९ सालीं कात्रजला नवें प्राणिसंग्रहालय उघडलें आणि जनावरें तिकडे गेलीं. पिंजऱ्यांतला वाघ पाहून मी लहानपणीं जितका आनंदलों होतों, तितकाच आज तो तेथें नाहीं म्हणून आनंदलों. वयाचा परिणाम म्हणावयाचा.

बेकनचा १६२५ सालचा बागांवरील निबंध मी वर्षानुवर्षें शिकवीत आलों आहें. त्याची कल्पनेंतली राजेशाही बाग तीस एकरांहून कमी नसावी अशी त्याची अपेक्षा आहे. त्या तीस एकरांत माळ्यांशिवाय इतर सामान्य माणसाला पाऊल टाकूं द्यावें, असें त्या तत्त्ववेत्त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं. हिराबागेची गोष्ट निराळी नव्हती. ज्याच्या खिशांत दिडकी नाहीं त्यालाहि झाडाखालीं बसण्याचा हक्क आहे, आणि त्याचा खर्च सर्वांनीं मिळून सोसावा, ही कल्पना फार अलीकडची आहे. इंग्लंडांत बर्कनहेडची बाग सार्वजनिक पैशानें उभी राहिली ती १८४७ सालीं. शहरांत आज बसण्याच्या जागा अगणित आहेत, पण प्रत्येक ठिकाणीं प्रथम कांहीं तरी मागवावें लागतें. न मागवतां जेथें बसतां येतें, अशीं स्थळें दोनच : देऊळ आणि बाग.

जंगली महाराज रस्त्यावरील संभाजी उद्यानांत मी एकदांच गेलों. तेथें १९६२ पासून राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा होता. ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे तो उखडून मुठेच्या पात्रांत टाकण्यांत आला. एखाद्या नाटकांतील मजकुराबद्दल तीव्र मतभेद असूं शकतात आणि ते तीव्र शब्दांतच मांडले जावेत, हें मला मान्य आहे; पण १९१९ सालीं वारलेल्या लेखकाला उत्तर देण्यासाठीं रात्रीच्या अंधाराची आणि हातोड्याची गरज पडावी, हें मराठी मनाला शोभत नाहीं. मीं त्या जागेपाशीं फार वेळ थांबलों नाहीं.

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान त्यामानानें मोठें प्रसन्न आहे. जपानमधील ओकायामा शहरांत १७०० सालीं पुरी झालेली कोराकुएन नांवाची विख्यात बाग आहे. तिच्या धर्तीवर सुमारें १० एकरांत हें रचलें असून २००६ सालीं तें खुलें झालें. पाणी वळणें घेत जातें, लहान पूल येतात, टेकाड उगीचच उंच नसतें. पाय आपोआप हळू पडूं लागतात. 'पूर्वरंगा'ंत जपानचें वर्णन लिहिणाऱ्या गृहस्थाच्या नांवें पुण्यांत जपान वसावें, याहून समर्पक स्मारक सांपडणें कठीण. फाटकावरील रखवालदाराची शिट्टी मात्र अस्सल पुणेरी आहे. रेसकोर्सजवळील एम्प्रेस गार्डन आमच्यापासून सर्वांत दूर. तेथें तिकीट आहे, पण तेथील गारंबीची महावेल पाहिल्यावर तिकिटाचा विसर पडतो. वेल कोठें सुरू होते आणि कोणत्या वृक्षावर संपते, याचा शोध मीं अर्धा तास केला व सोडून दिला.

इतकें हिंडल्यावर एक तक्रार नोंदविली पाहिजे. आमच्याकडील बहुतेक उद्यानांस दुपारीं कुलूप असतें. ज्या वेळीं सांवलीची खरी गरज, त्याच वेळीं सांवली बंद! घरकाम करणाऱ्या बायका दोन घरांच्या कामांमधला तास फाटकाबाहेरच्या पदपथावर बसून काढतात आणि आंत बांकें रिकामीं असतात. उलट, मोकळी जागा दिसली कीं तिच्यांत कांहीं तरी उभें केल्याविना अधिकाऱ्यांस चैन पडत नाहीं. कोथरूडच्या तात्यासाहेब थोरात उद्यानांत मोनोरेल धांववावी असा बेत २०२४ सालीं पुढें आला, तेव्हां परिसरांतील रहिवासी विरोधाला उभे राहिले. कोथरूडकर सहसा कोणत्याहि गोष्टीवर एकमत होत नाहींत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रसंगाचें गांभीर्य कळेल.

आईला या लांबच्या बागांचें कौतुक नव्हतें. तिनें आपला प्रश्न आपणच सोडविला. घराजवळच्या उद्यानांत, मागच्या भिंतीशीं, एक प्राजक्त आहे हें तिला श्रावणांत समजलें, आणि दुसऱ्या दिवशीं सहा वाजतां ती परडी घेऊन माझ्याबरोबर निघाली. फुलें तोडूं नयेत, अशी पाटी होतीच. रखवालदार धांवत आला.

"आजी, झाडाला हात लावायचा नाही."

"हात कोण लावतंय? प्राजक्त कधी तोडावा लागतो का?"

"खाली पडलेलंबी बागेचंच असतंय."

"मग बागेच्याच गणपतीला वाहा. वाहतोस?"

त्यानें थोडा विचार केला. उद्यानांत गणपति नव्हता. तेव्हांपासून झाडणाऱ्या बाई आधीं बांकांकडचा भाग झाडून घेतात आणि त्या झाडाखालचें वर्तुळ आई येऊन जाईपर्यंत तसेंच ठेवतात. त्यांच्याहि घरीं देव आहे. ओंजळभर फुलें आई त्यांच्या पदरांत टाकते.

परवां परततांना मीं विचारलें, "काय गं, मिळाली ना फुलं मनासारखी?"

"मिळाली," आई म्हणाली. "पण आपल्याच्या देठाचा रंग याहून केशरी होता."

मला तसें वाटत नव्हतें. पण मीं परडी हातांत घेतली आणि लिफ्टचें बटण दाबलें.