एका हस्तलिखिताची किंमत

पी. जी. वुडहाउसच्या ‘समर लाइटनिंग’मध्ये हसवणाऱ्या जागा पानोपानी आहेत, पण मन अडकते ते डॉली हेंडरसन या नावापाशी. १९२९ सालच्या या कादंबरीत ती एकदाही समोर येत नाही. ती लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये गुलाबी तंग पोशाखात गाणारी, आणि तिच्यावर जीव जडला तो श्रॉपशरच्या ब्लँडिंग्ज कॅसलमधल्या उमराव घराण्यातल्या गॅलाहॅड थ्रीपवूडचा. घराण्याने त्याला दक्षिण आफ्रिकेला धाडून दिले, तिने लष्करातल्या एका अधिकाऱ्याशी लग्न केले. गॅलाहॅड जन्मभर एकटा राहिला. बहिणींच्या लेखी तो घराण्याचा कलंक; आता उतारवयात आपल्या उनाड तारुण्याच्या आठवणी लिहीत बसलेला, आणि त्या छापल्या जातील या धास्तीने निम्म्या इंग्लंडातल्या प्रतिष्ठितांची झोप उडालेली. अशात नाव बदलून कॅसलमध्ये शिरलेली स्यू ब्राउन ही कोरसमध्ये नाचणारी मुलगी डॉलीची लेक आहे, हे त्याला कळते. या कादंबरीचा सगळा हलकेपणा त्या हुकलेल्या लग्नावर उभा आहे.

बाकीचा गोंधळ पाहा. स्यूवर प्रेम करणाऱ्या रॉनीचा पैसा विश्वस्त म्हणून मामाच्या, लॉर्ड एम्सवर्थच्या, हातात. मामाचे चित्त एकाच ठिकाणी: एम्प्रेस या बर्कशायर जातीच्या काळ्या डुकरिणीत, जिने धष्टपुष्ट डुकरांच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवलेले. म्हणून रॉनी डुकरीणच पळवतो. पुढे आपणच ती ‘शोधून’ आणायची आणि मामाला उपकृत करायचे. तिला चारा घालायला बटलर बीचही सामील. हे सारे हास्यास्पद आहे, पण मुळाशी असलेली अडचण खरी आहे: या घरात मनाजोगे लग्न करायचे तर सही दुसऱ्याची लागते.

यावर आक्षेप निघतो की चार ओळींच्या डॉलीवर एवढा भार का टाकावा? तर त्या ओळी काढून बघाव्यात. शेवटी गॅलाहॅड आपले पुस्तक न छापण्याचे कबूल करतो आणि त्या बदल्यात रॉनी-स्यूच्या लग्नाला बहिणीची, लेडी कॉन्स्टन्सची, आडकाठी उरत नाही. जन्माची कमाई असलेले हस्तलिखित तो कुणासाठी सोडतो? डॉली नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही, आणि कथेची गाठ सुटत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४५ मध्ये वुडहाउसची बाजू घेतानाच म्हटले होते की त्याचे जग पहिल्या महायुद्धाआधीच्या काळातच थांबलेले आहे. ते बरोबर आहे. युद्धानंतर इंग्लंडात जुन्या जहागिऱ्या धडाधड विकल्या जात होत्या, त्याची झळ ब्लँडिंग्जला लागत नाही. पण वर्गाची भिंत मात्र या कादंबरीत शाबूत आहे, आणि ती कुणाला चिरडते हे लेखकाला माहीत आहे. ब्रॉडवेच्या संगीतिकांसाठी गीते लिहिण्यात वुडहाउसची वर्षे गेली होती. कोरसमधल्या मुली त्याने जवळून पाहिल्या होत्या. म्हणूनच या महालातले सर्वांत सरळ, सर्वांत सुसंस्कृत माणूस म्हणून तो स्यूला उभी करतो, आणि तिची पारख करायला घराण्याने वाया गेलेला ठरवलेला म्हातारा नेमतो.

विनोदी कादंबरीला दुःख वर्ज्य असते असे मानणाऱ्यांनी गॅलाहॅडचे ते प्रसंग सावकाश वाचावेत. तो रडत नाही, उपदेश करत नाही. आपल्या वेळी जे झाले ते या मुलीच्या वाट्याला येऊ नये, एवढेच पाहतो. ब्लँडिंग्जची पुढची कादंबरी, ‘हेवी वेदर’, १९३३ साली आली. तिच्यात ते हस्तलिखित एम्प्रेस खाऊन टाकते, आणि रॉनी-स्यूचे लग्न होते.