रमचा वास आणि बर्लीचं पान



आठवडाभर पेजवर काही टाकलं नाही, त्याबद्दल माफी असावी. एकतर उसाला तोड आली होती, आणि त्यातच अमेरिकेतून भाचा आला होता. आजची नोंद कुठल्या पिकात धरायची ते तुम्हीच ठरवा. उसातही बसते, तंबाखूतही बसते.

नवीन लोकांसाठी सांगतो. आमचं गाव कागल तालुक्यात, निपाणी जवळ. नदीकडच्या रानात ऊस, माळाकडच्या काळ्या रानात विडीची तंबाखू. दहावी झालो त्या वर्षापासून तंबाखू करतोय. एकेकाळी चार एकर असायची, यंदा एकच एकर आहे. आणि आणखी एक, जे मी इथं आधी लिहिलेलं नाही. सात वर्षांपूर्वी माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता. डॉक्टर म्हणाले, तंबाखू आजपासून बंद, नाहीतर पुढचं मी सांगत नाही. त्या दिवशी चंची बंद केली ती आजपर्यंत. पिकवतो, पण तोंडात घालत नाही. घरात काम करणाऱ्या हलवायानं पेढा न खावा तसं आहे ते.

तर भाचा केंटकीत असतो, लुईव्हिल नावाच्या शहरात, कॉम्प्युटरच्या कामाला. त्याच्या हापिसात एक वयस्कर गोरा माणूस आहे. त्याच्या घरची शेती होती आणि शेतीत पीक होतं बर्ली तंबाखूचं. आपल्या भाच्यानं सांगितलं, माझा मामा पण तंबाखू करतो. झालं, त्या माणसानं सुट्टीला येताना त्याच्या हातात एक पाकीट आणि एक पाईप दिला. म्हणाला, मामाला ओढायला दे आणि काय म्हणतो ते मला सांग.

पाकिटाचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. बर्ली पान, त्याला रमचा वास दिलेला, पाईपात ओढायचं. पाईप मात्र बघण्यासारखा होता. मक्याच्या बुरकुंडाचा! आपण दाणे काढून जे चुलीत घालतो ते बुरकुंड. ते वाळवून, आतनं कोरून, खाली नळी बसवलेली. मिसुरी राज्यात 1869 पासून त्याचा कारखाना आहे म्हणे. मी दोन मिनिटं नुसता तोच हातात घेऊन बसलो. आपल्याकडं किती बुरकुंडं जाळली असतील याचा हिशेब करत.

आता खरं सांगतो, माझ्या मनात भीती होती. सात वर्षं झालीत. पण दुसरी पण एक गोष्ट होती. तीस-पस्तीस वर्षं माझं पान दुसऱ्यांनी हुंगलंय. वखारीत माल नेला की व्यापारी मूठभर पत्ती घेणार, तळव्यावर चुरगाळणार, नाकाला लावणार, आणि एक शब्द बोलणार. त्या एका शब्दावर आमचं वर्ष. एका साली तर एकानं नाक मुरडून "ठसका न्हाई वो" म्हटलं आणि जागेवर दर पाडला. त्याच रानातलं, त्याच दिवशी काढलेलं शेजाऱ्याचं पान मात्र चांगल्या दरानं घेतलं. भांडलो, पण माल परत आणायला ट्रॅक्टरचं भाडं पण नव्हतं. म्हणून वाटलं, आयुष्यात एकदा दुसऱ्याचं पान मी हुंगायचं.

सकाळी चहा झाल्यावर परड्यातल्या कट्ट्यावर बसलो. पाकीट फोडलं, नाक लावलं.

पहिला वास मळीचा!

कारखान्याच्या मागच्या गेटला टँकर भरत असतात तेव्हा येतो तो वास. सध्या गाळप चालू आहे, वारा तिकडून आला की घरात पण येतो. मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे तर आपल्या उसाचं आहे." मग आठवलं, रम मळीचीच करतात. मळी आंबवायची, गाळायची, लाकडी पिंपात मुरवायची. म्हणजे माझी नदीकडची पट्टी आणि माळाकडची पट्टी एका पाकिटात बसून अमेरिकेहून आली होती. मळीच्या मागून काकवी, तासगावचा बेदाणा, आणि थोडा व्हॅनिला आईस्क्रीमचा वास. छान होता, खोटं कशाला बोलू. पण पानाचा वास कुठंच नव्हता. मला पानच हुंगायचं होतं.

तेवढ्यात आमची मंडळी मागच्या दारात आली. "अहो, सकाळी सकाळी कुणी घेतलीय?"

भाचा म्हणाला, "मामी, दारू नाही. तंबाखू आहे."

"मग तर लईच चांगलं," म्हणून ती आत गेली. भांड्यांचा आवाज वाढला.

मी एक चिमूट पेपरवर पसरून उन्हात ठेवली. अर्ध्या तासानं वरचा वास निम्मा उडाला आणि पान उघडं पडलं. रंग काथासारखा, मधे मधे पिवळ्या काड्या. त्या बहुतेक व्हर्जिनियाच्या असाव्यात. तळव्यावर चुरगाळलं, व्यापाऱ्यासारखं. ठसका अजिबात नाही. वास वाळल्या कडब्याचा, पोत्याचा, आणि कोकोची पूड असते तसा बारीक कडवट. शेजारी आपलं गेल्या सालचं पान चुरगाळून भाच्याच्या नाकाखाली धरलं तर त्याला सहा शिंका आल्या. हा फरक.

फरक कुठनं येतो ते लिहितो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं तंबाखू म्हणजे सगळी एकच. वाण वेगळं असतंच, पण निम्मी चव वाळवण्यात आहे. आपण पान रानातच उन्हात वाळवतो. हुणसूर, पेरियापट्टण भागात व्हर्जिनिया करतात, ते भट्टीत गरम हवेवर पाच-सहा दिवसांत वाळवतात, त्यामुळं पानातली साखर पानातच राहते. बर्लीचं तिसरंच. अख्खं झाड बुडातून तोडायचं, पाच-सहा झाडं एका काठीत ओवायची आणि उंच लाकडी कोठारात टांगायची. ऊन नाही, भट्टी नाही, फक्त वारा. सहा-आठ आठवडे. भाच्यानं फोटो दाखवले, कोठारं बाहेरून काळी रंगवलेली. इतक्या सावकाश वाळताना पान बराच काळ जिवंत असतं आणि आपली साखर आपणच खाऊन टाकतं. शेवटी जे राहतं ते हलकं, स्पंजासारखं. त्याला जे पाजाल ते पितं. म्हणून ज्येष्ठमध, कोको, साखर, रम, सगळं बर्लीवरच घालतात. रम सगळ्यात शेवटी, वरून.

या पानाची जन्मकथा पण ऐकण्यासारखी आहे. 1864 साली ओहायो राज्यातल्या एका शेतकऱ्यानं केंटकीतनं आणलेलं बी टाकलं. तरूत काही रोपं फिकट, पांढुरकी निघाली, रोगट दिसणारी. त्यानं ती लावली तरी. त्यातून आली ही पांढरी बर्ली. आपल्या तरूत अशी रोपं दिसली की मी काय करतो? उपटून बांधावर.

असो. पाईप भरला. भाचा म्हणाला, पहिली चिमूट हलक्या हातानं, दुसरी जरा दाबून, तिसरी घट्ट. एकदा पेटवायचा, वरचं पान फुगून येतं, ते दाबायचं, मग दुसऱ्यांदा पेटवायचा. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच फिरवून सोडायचा. आणि सावकाश. चहा बशीत ओतून पिण्याच्या सवयीच्या माणसाला हे जमत नाही, मी भसाभस ओढला आणि जीभ पोळली.

सुरुवातीला रम. पण गंमत अशी की पाकिटात जेवढी रम होती तेवढी धुरात नाही. जिभेपेक्षा ओठाला गोड लागते. जवळ बसलेल्याला मस्त वास येतो, ओढणाऱ्याला कमी. वास दुसऱ्यासाठी, चव आपल्याला, असं काहीतरी आहे ते.

पाईप तिसरा हिस्सा जळला आणि रम संपली. आणि तिथं पान आलं.

भाजलेले शेंगदाणे. सालासकट, लोखंडी कढईत, जरा जास्तच भाजले गेलेले. त्याच्या मागे साखर न घातलेला कोको. गोडवा नाही, ठसका नाही, काही दाखवायचा अट्टहास नाही. मी बोलायचं बंद केलं. हे कुणीतरी खत बघून, शेंडा वेळेवर मोडून, फुटवे काढून, पाऊस कधी येतोय याची धास्ती घेऊन पिकवलेलं पान होतं, ते मला तोंडात कळत होतं. पाच-सात मिनिटंच असेल. पण ओळख पटली.

शेवटचा भाग वाईट. बुडाला ओल धरली, कडू झालं, तीनदा काडी ओढावी लागली. माझ्या मते हा वरून घातलेल्या गोडाचा दोष, पानाचा नाही. राख बघितली, बऱ्यापैकी पांढरी आणि मोकळी. पान नीट जळणारं होतं. (आपल्यातल्या तंबाखूवाल्यांनो, पोटॅश द्यायचं तर सल्फेटचं द्या, म्युरेट देऊ नका. क्लोराईड पानात गेलं की ते धड पेटत नाही, विडी सारखी विझते.)

सोळा आण्यात दर सांगायचा तर पाकिटाला दहा आणे. पानाला चौदा.

मग मी पाकीट उलटंपालटं करून भाच्याकडनं सगळं वाचून घेतलं. रम लिहिलंय मोठ्या अक्षरात. पिंपाचं चित्र आहे. कॅन्सरची सूचना आहे. पान कुठल्या गावचं ते कुठंच नाही. बर्ली आता आफ्रिकेत मलावीत होते, ब्राझीलमध्ये होते, आपल्या आंध्रात विनुकोंड्याकडं होते. यातलं कुठलं, कुणाला माहीत. आपल्या विडीच्या बंडलावर पण कुणाकुणाचे फोटो असतात, कागल-निपाणीच्या कुठल्या शिवाराचं नाव मी अजून बघितलेलं नाही.

त्या गोऱ्या माणसाला काय सांगायचं ते मी मराठीत बोललो, भाच्यानं इंग्रजीत करून पाठवलं. "पान चांगलं आहे. वरून घातलेलं जास्त झालंय. तुमच्या घरचं असंच होतं का?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याचे वडील कोठारातलं नुसतं पान ओढायचे, काहीही न घालता. तिकडं सरकार 1938 पासून कोटा ठरवून द्यायचं, कुणी किती पिकवायचं ते, आणि भावाला आधार असायचा. 2004 साली कायदा करून ते सगळं बंद केलं आणि कोटा असणाऱ्यांना दहा वर्षं हप्त्यानं पैसे दिले. पैसे घेऊन बऱ्याच जणांनी पीक सोडलं, यांनी पण. कोठार अजून उभं आहे, त्यात आता ट्रॅक्टर आणि गवताच्या गंजी असतात. त्यानं विचारलं होतं, तुमच्याकडं सरकार काय देतं?

मी भाच्याला म्हटलं, त्याला 1981 सांग. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींनी निपाणीत आंदोलन उभं केलं, शेतकरी हायवेवर बैलगाड्या घेऊन बसले. आमचे वडील पण जाऊन बसले होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला. वडील रात्री उशिरा चालत घरी आले, पायात चप्पल नव्हती, आणि आई त्यांना काही विचारत नव्हती. भाच्यानं ते लिहिलं. तिकडनं बराच वेळ काही आलं नाही. मग एवढंच आलं की मामांना माझा नमस्कार सांग.

आता शेवटचं, आणि हे लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

त्या पाईपाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मोटर चालू करायला गेलो. थंडी होती. कळ दाबली, पाणी आलं, बांधावर बसलो, आणि माझा हात आपोआप बंडीच्या खिशात गेला. चंची शोधायला. सात वर्षांत पहिल्यांदा. खिसा रिकामा होता तरी बोटं आत कोपऱ्यात चाचपत होती. तोंडाला पाणी सुटलं होतं. घरी यायचं सोडून मी तासभर तिथंच बसून राहिलो, कारण घराच्या वाटेवर टपरी लागते.

घरी आलो तर मंडळीनं काही न विचारता बडीशेपेचा डबा पुढं ठेवला. तिला कसं कळलं ते मला माहीत नाही. तीन दिवस डबा माझ्या खिशातच होता, आता कमी झालंय.

पाकीट भाच्याच्या बॅगेत परत घातलं, निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. तो काल गेला. बुरकुंडाचा पाईप मात्र मंडळीनं स्वतः धुऊन कोनाड्यात ठेवलाय, म्हणाली वस्तू चांगली आहे. त्याला अजून मळीचा वास येतोय.

माळाच्या तंबाखूला ठिपके पडायला लागलेत. सोमवारी फुटवे काढायला चार बायका सांगितल्यात. पानाचा फोटो खाली टाकलाय, ठिपका कसा वाटतो ते जाणकारांनी सांगा. वखारीतनं दर निघाला की इथं लिहितोच.