पत्र्यावरची रेघ

तळोज्याच्या गाळ्यात कोणी नवा मुलगा काम शिकायला आला, की त्याची नजर आधी भिंतीवरच्या सळयांवर जाते. सरळ, वाकड्या, टोकाला चपट्या, टोकाला गोळी असलेल्या. काही वीतभर, काही पुरुषभर. रंगाला धक्का न लावता मोटारीचा पोचा काढायचा म्हणजे आतून सळई घालून पत्रा थोडा थोडा वर उचलायचा, एवढं त्याने मोबाइलवर पाहिलेलं असतं. सगळी विद्या सळईत आहे असं त्याला वाटतं. मी त्याला सळईला हात लावू देत नाही. आधी दिवा धर म्हणतो, आणि पत्र्यात त्या दिव्याकडे बघत राहा म्हणतो. काही मुलं आठवड्याभरात कंटाळून निघून जातात. जी राहतात, त्यांना एक दिवस अचानक रेघ दिसायला लागते, आणि मग त्यांना शिकवायला फार काही उरत नाही.

चकचकीत रंगाचा पत्रा हा आरसाच असतो. त्यात समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब पडतं आणि जिथे पत्रा दबलाय तिथे ते प्रतिबिंब वाकतं. आमची नजर त्या वाकण्यावर असते. म्हणून दिवा हे आमचं पहिलं हत्यार, आणि माझ्या आयुष्यात ते किती रूपांनी आलं हे मला बरोबर आठवतं.

बालपण कुर्ल्यात गेलं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. १९४७ साली तिथून पहिली गाडी बाहेर पडली आणि पुढे पद्मिनीने सगळी मुंबई व्यापली. आजूबाजूच्या गल्ल्यांत डेंटर, पेंटर, सुटे भाग विकणारे यांची दाटी. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांतल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये डेंटर होते. हातोडी, डॉली आणि स्पून ही त्यांची हत्यारं. टॅक्सीचं मडगार्ड ठोकून ठोकून आकारात आणायचं, उरलेलं पुट्टीने भरायचं, घासायचं, की गाडी पेंटरकडे. पण ठोकून झाल्यावर अण्णा शेडच्या दाराकडे तोंड करून उकिडवे बसायचे आणि एक डोळा मिटून मडगार्डवरून तिरपं बघायचे. दाराची चौकट त्या काळ्या रंगात उतरलेली असायची. बाहेरचा उजेड आणि आतला अंधार यांच्या मधली कड, ती सरळ आहे का एवढंच ते तपासत. दिवाळीच्या सुमारास उन्हं तिरपी यायला लागली की त्यांचं काम झरझर व्हायचं. पावसाळ्यात आभाळ भरलं की सगळीकडून सारखाच उजेड यायचा, कड पुसट व्हायची आणि ते वैतागायचे. तेव्हा ते डोळे मिटून, तळव्याखाली पातळ फडकं घेऊन पत्र्यावरून हात फिरवत. फडक्यामुळे हात अडखळत नाही आणि उंचवटा बोटांना नेमका कळतो.

सुट्टीत आत्याकडे पुण्याला गेलो की कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन बसायचो. तिथली मठारण्याची ठकठक अजून कानात आहे. तांबट हंडा गुडघ्यांत धरून फिरवत असतो आणि हातोडीचा प्रत्येक ठसा शेजारच्या ठशाला लागून पडतो. त्यांची बैठक कधीही उजेडाला पूर्ण पाठ करून नसायची. ठसा पडला की त्यात उजेडाचा एक ठिपका चमकतो, आणि पुढचा घाव कुठे घालायचा ते त्या ठिपक्यावर ठरतं. धातूचं काम करणाऱ्या प्रत्येकाने उजेड कुठून घ्यायचा हे आधी ठरवलेलं असतं, ही समज मला तिथे आली. पुढे मी जे काही शिकलो ते त्या समजेवरच उभं आहे.

कुर्ल्याची शेड सुटली आणि आम्ही इकडे आलो. कळंबोलीची लोखंड बाजारपेठ, तळोज्याची एमआयडीसी, न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा. गाड्यांना काही ना काही लागणारच असा हा मुलूख. गाळ्यात ट्यूबलाइट होत्या, आणि ट्यूबलाइटने माझं भलं केलं. बल्बचं प्रतिबिंब म्हणजे नुसता एक ठिपका, तो वाकला काय आणि सरळ राहिला काय, कळणार कसं? ट्यूब मात्र चार फुटांची सरळ रेघ. ती बॉनेटवर पडली की पोच्याच्या जागी सापासारखी वळायची. एक ट्यूब मी उभ्या लाकडी फळीवर ठोकली आणि चाकाच्या स्टुलावर बसवली. त्रास एकच होता. चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. डोळ्याला ते थेट दिसत नाही, पण दिवसभर त्याच रेघेकडे टक लावली की संध्याकाळी डोकं धरायचं.

दुसरा धडा रस्त्याने दिला. मुंब्रा-पनवेल रस्त्यावर तेव्हा सोडियमचे पिवळे दिवे होते. रात्री गाळा बंद करताना बाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर, दुपारभर शोधूनही न सापडलेले पोचे त्या पिवळ्या उजेडात उघडे पडलेले दिसायचे. पांढरा रंग आणि पिवळी रेघ वेगळी ओळखू येते, पांढऱ्यावर पांढरी रेघ विरते, हे मी तिथे पाहिलं. नंतर ठिकठिकाणी रस्त्यांवर एलईडी आले. खर्चाच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. तोवर मी माझ्या फळीवर पिवळी ट्यूब लावली होती.

रंग न उडवता पोचा काढण्याची कला जगात पसरली ती गारपिटीमुळे. १२ जुलै १९८४ रोजी जर्मनीत म्युनिकवर गारांचा असा मारा झाला की २ लाखांच्या आसपास मोटारी ठोकल्या गेल्या. एवढ्या गाड्या खरवडून, पुट्टी भरून पुन्हा रंगवायच्या तर वर्षं लागली असती. गारेने रंग फुटत नाही, पत्रा फक्त दबतो. मग आतून दाबून काढा! अमेरिकेच्या गारपिटीच्या पट्ट्यात तर या कारागिरांचे तांडे गारांमागून गावोगाव फिरतात. आपल्याकडे मार्च २०१४ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात भयानक गारपीट झाली. तिथे माणसांची उभी पिकं आडवी झाली होती, गाड्यांचा विचार करायला कोणाकडे मन नव्हतं. तळोज्यात आमचं काम येतं ते वेगळ्या वाटेने. टपावर पडलेला नारळ, चेंडू, रिक्षाचं हँडल, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा उघडलेला दरवाजा. फेज १ आणि फेज २ मधले मनोरे भरत गेले, नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो आली, वस्ती वाढली. गाड्या वाढल्या, दोन गाड्यांमधली जागा तेवढीच राहिली.

रेघ एवढं नेमकं कसं सांगते, याचं उत्तर मला आमच्याच रायगड जिल्ह्यात सापडलं. अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याच्या नोंदी त्या विजेने बिघडणार, म्हणून ती तिथे हलवली गेली. पृथ्वीच्या चुंबकत्वातला अगदी सूक्ष्म बदल टिपण्यासाठी तिथे टांगलेल्या चुंबकावर चिमुकला आरसा बसवत आणि त्यावरून परतणारा उजेडाचा ठिपका फोटोच्या कागदावर घेत. आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, आणि कागद जितका लांब तितकी ठिपक्याची सरक मोठी. आमच्या दरवाजाचंही हेच गणित आहे. पत्रा एका अंशाने कलला तर किरण दोन अंशांनी वळतो. म्हणजे एक मीटर लांबीवर साडेतीन सेंटीमीटरची सरक. बोटाला न लागणारा उंचसखलपणा रेघ मोठा करून दाखवते, आणि दिवा जरा लांब नेला की आणखी मोठा करते. हे कळलं त्या दिवशी मला आपल्या कामाबद्दल फार आदर वाटला, आणि तो अजून आहे.

आता दिवा निवडण्याबद्दल. बाजारात उभं राहिलं की विकणारा प्रखरपणा सांगतो. इतके वॉट, इतके ल्युमेन. प्रखर दिवा डोळे दिपवतो आणि रेघेची कड खाऊन टाकतो. मला हवी असते मंद करता येणारी, कडेला धारदार असलेली रेघ. म्हणून मंद-प्रखर करण्याचं बटण नसलेला दिवा मी घेतच नाही. उजेड आणि अंधार यांच्या आलटून पालटून पट्ट्या असलेला बोर्ड असला तर उत्तम. पट्ट्या फाकल्या तिथे पत्रा दबलेला, पट्ट्या जवळ आल्या तिथे उचललेला. पोचा खोल आणि टोकदार असेल तर हे चित्र उलटंसुलटं होतं, म्हणून सुरुवातीला रुंद पट्ट्या घ्यायच्या आणि काम बारीक होत गेलं की अरुंद. आत सळईचं टोक नेमकं कुठे आहे हेही पट्टीच सांगते. हलकेच दाबलं की एका जागी ती किंचित आवळते. तिथे टोक आहे. ते दिसल्याशिवाय जोर लावायचा नाही, कारण चुकीच्या जागी आलेला उंचवटा बसवण्यात खाली दबलेल्यापेक्षा जास्त वेळ जातो.

रंगाचं तर निराळंच प्रकरण. काळ्या गाडीवर काम करणं सोपं, कारण काळा रंग स्वतः उजेड परत देत नाही, वरच्या पारदर्शक थराचं प्रतिबिंब तेवढं उरतं. तो थर समोरून पडलेल्या उजेडाच्या जेमतेम ४ टक्के परत फेकतो. पांढऱ्या गाडीवरही तेच ४ टक्के, पण खालचा पांढरा रंग सगळीकडे उजेड उधळत असतो आणि रेघ त्या गदारोळात बुडते. यावर उपाय तीन. गाळ्यातला बाकीचा उजेड कमी करायचा, दिव्याकडे जास्तीत जास्त तिरपं बघायचं, कारण तिरप्या नजरेला प्रतिबिंब बळकट होतं, आणि पिवळा उजेड वापरायचा. माझ्या दिव्यात ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळा आणि ६००० च्या आसपासचा पांढरा, असे दोन्ही आहेत. पांढरा एलईडी मुळात निळ्या उजेडावर पिवळी पावडर चढवून बनतो, आणि तो निळा एलईडी साधला म्हणून आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या त्या शोधामुळे आज माझ्या डोळ्यांना संध्याकाळी कमी थकवा येतो. मात्र एलईडीही स्वस्तातला असेल तर लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरायचा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत ठेवायचा.

तळोज्याच्या म्हणून काही गोष्टी आहेतच. खडीच्या ट्रकांची आणि कारखान्यांची धूळ इथे तासाभरात पत्र्यावर बसते आणि धुळीने रेघेची कड फाटते, म्हणून आधी पाणी, मग मऊ फडकं, मग दिवा. पावसाळ्यात गाडी दारात घेऊन काम करायचा मोह होतो. मी उलट आत नेतो आणि दाराला काळा पडदा ओढतो. वीज जाते, म्हणून दिवा बॅटरीवर चालणारा हवा. आणि स्टँड जड हवा. हलणारा दिवा म्हणजे हलणारी रेघ.

अण्णा शेवटच्या वर्षांत गाळ्यात येऊन बसायचे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, दिव्याकडे फार बघवत नसे. एकदा एका निळ्या दरवाजावर शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. मला रेघेत हँडलच्या खाली एक जागा अजून किंचित दबलेली दिसत होती. त्यांनी खिशातला रुमाल काढून तळव्याखाली घेतला, डोळे मिटले, आणि हात फिरवत फिरवत त्याच जागी थांबवला. "हितं राहिलंय बघ." मी तेवढंच काम केलं आणि गाडी सोडली.

दिव्याचा आणखी एक उपयोग सांगायला हवा. नाही म्हणायला तो बळ देतो. रंगाला केसाएवढी चीर गेली असेल तर तिरप्या उजेडात ती दिसते. पत्रा ताणला गेला असेल, पोचा कडेच्या दुमडीवर असेल, तर रेघ किती वाकायची ते वाकून दाखवते. गिऱ्हाइकाला शेजारी उकिडवं बसवून मी ती रेघ दाखवतो आणि इथे सळईने भागणार नाही, पेंटरकडे जा म्हणतो. माणसं रागावत नाहीत, कारण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. झालेलं कामही मी असंच देतो. भर उजेडात, लांबून, उभ्या उभ्या गाडी ताब्यात घेऊ नका, दिव्यासमोर बसा, असा माझा आग्रह असतो.

या धंद्यात येऊ बघणाऱ्या मुलांना एवढंच सांगतो. पहिले पैसे हाती आले की पन्नास सळयांचा संच घेऊ नका. पाच-सहा सळया घ्या आणि उरलेले पैसे दिव्यात घाला. दोन रंगांचा, मंद होणारा, न लुकलुकणारा, बॅटरीवर चालणारा. आणि दुकानातून निघण्यापूर्वी तो बाहेर उभ्या असलेल्या एखाद्या पांढऱ्या गाडीच्या दरवाजासमोर धरून बघा. तिथे रेघ स्पष्ट दिसली, तरच पैसे द्या.