नंबर कुठल्या टेबलावरचा?

फॉर्म आय-१३०ए मध्ये सुरुवातीलाच एक रकाना आहे : एलियन रजिस्ट्रेशन नंबर, असल्यास. लग्नानंतर नवऱ्याने न्यू जर्सीहून माझ्यासाठी अर्ज भरायला घेतला तेव्हा मी कऱ्हाडला माहेरी होते. या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही दोघं फोनवर बराच वेळ बोलत राहिलो. पासपोर्टचा नंबर? आधारचा? अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याशी माझा कधीच संबंध आला नव्हता, त्यामुळे त्यांच्या दफ्तरात माझा नंबर असण्याचं कारणच नव्हतं. रकाना मोकळा सोडायचा, एवढंच खरं उत्तर होतं. पण सरकारी कागदावर रकाना मोकळा सोडायला आपल्याकडे कुणाचा हात धजत नाही.

माझे वडील, आण्णा, तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते. आवक-जावक नोंदवह्यांत त्यांचा जन्म गेला. माझी घालमेल बघून ते म्हणाले, ‘‘नंबर पाठ करत बसू नकोस, बाळ. तो कुठल्या टेबलावरनं आलाय ते आधी बघ. ज्या टेबलाचा नंबर, तिथंच तो चालतो.’’ पुढे जे काही समजलं ते सगळं मी या एका वाक्याला धरून समजून घेतलं.

पहिला आला तो रिसीट नंबर : तीन अक्षरं आणि दहा आकडे. हा नंबर अर्जाचा असतो, आणि अर्जदार नवरा. माझं नाव त्या कागदावर ‘लाभार्थी’ म्हणून. आय-१३०ए या फॉर्ममध्ये तर बायकोची पाच वर्षांतली राहण्याची आणि नोकरीची सगळी ठिकाणं विचारतात, पण ती अमेरिकेबाहेर असेल तर तिची सही लागत नाही. हे मला खटकलं. माझ्या आयुष्याचा कागद माझ्या सहीवाचून पुढे जाणार होता. म्हणून मी हट्टाने प्रत्येक पानाची प्रत मागवून घेतली आणि वाचून काढली.

अर्ज मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला, नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे केस नंबर मिळतो. माझा ‘बीएमबी’ने सुरू होत होता. एमएच-५० म्हटलं की जशी कऱ्हाडची गाडी, तसं बीएमबी म्हणजे मुंबईचा वाणिज्य दूतावास. बॉम्बेच्या काळातली ती अक्षरं अजून तशीच आहेत. पुढे साल, आणि त्यानंतरच्या तीन आकड्यांत वर्षातला कितवा दिवस ते, पाचशे मिळवून. म्हणजे तिथे ७०२ असेल तर वर्षाचा २०२ वा दिवस, २१ जुलै. हे उलगडल्यावर आण्णांना फार आनंद झाला. ‘‘म्हणजे त्यांच्याकडेही जावक रजिस्टरच आहे की!’’ केस नंबरासोबत एक इनव्हॉइस आयडीही येतो. या दोन्हींशिवाय फी भरण्याचं आणि कागद चढवण्याचं पान उघडत नाही. माझ्या वेळी पाठिंब्याच्या शपथपत्राचे १२० डॉलर आणि व्हिसाचे ३२५ डॉलर होते.

ते शपथपत्र म्हणजे फॉर्म आय-८६४. बायकोचा भार सरकारवर पडू देणार नाही, असं नवरा त्यात लिहून देतो. त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट असावं लागतं, आणि ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. लग्न करून जाणाऱ्या मुलींपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. प्रत्येकीला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खरी दमछाक झाली ती इकडच्या कागदांत. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं. आई-वडिलांची नावं, तारीख, ठिकाण सगळं बरोबर, आणि बाळाच्या नावापुढे रेघ. आपल्याकडे बारशाआधी जन्माची नोंद होते आणि नंतर नाव चढवायला कुणी जात नाही, त्यामुळे असे दाखले घरोघरी आहेत. नाव घालायला जन्मापासून पंधरा वर्षांची मुदत असते. राज्य सरकारने ती वेळोवेळी वाढवली, म्हणून माझं काम झालं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आण्णांचं प्रतिज्ञापत्र घेऊन नगरपालिकेत गेलो आणि इतक्या वर्षांनी दाखल्यावर माझं नाव आलं. लग्नाची नोंद १९९८ च्या कायद्याखाली आधीच केली होती. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट घेतलं.

आडनाव मी बदललं नाही. माझ्या पॅनमधलं पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं आहे. आडनाव बदललं असतं तरी पॅन नंबर तोच राहिला असता, हे तेव्हा कळलं आणि बरं वाटलं.

मुंबईत वैद्यकीय तपासणी झाली, लशी टोचल्या, बोटांचे ठसे झाले. मुलाखतीला वांद्रे-कुर्ला संकुलात उजवा हात वर करून शपथ घेतली. प्रश्न थोडेच होते. पासपोर्ट परत आला तेव्हा मी तो व्हिसा तुकड्या-तुकड्याने वाचला. लाल आकडे त्या चिकटवलेल्या कागदाचे. केस नंबर ओळखीचा. आणि ‘रजिस्ट्रेशन नंबर’ या शब्दांखाली ‘ए’ हे अक्षर आणि नऊ आकडे. फॉर्मवर मोकळा सोडलेला एलियन रजिस्ट्रेशन नंबर, म्हणजे ए-नंबर, तो हाच. आतापर्यंतचे सगळे नंबर नवऱ्याच्या अर्जाचे नाहीतर फाइलचे होते. हा पहिला माझा एकटीचा. ग्रीन कार्डाची फी ऑनलाइन भरताना हाच नंबर आणि केस नंबर लागला. तेव्हा २२० डॉलर भरले.

विमानतळावर शिक्का बसला की तो व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. हे ठाऊक असल्यामुळे कार्ड यायच्या आधी मी नोकरी धरू शकले. डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरताना सोशल सिक्युरिटी कार्डासाठीच्या दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं होतं, म्हणून ते टपालाने घरी आलं. तोही नंबर नऊ आकडीच, पण टेबल वेगळं : पगार, कर, बँक, घरभाडं या सगळ्यांना तो लागतो, इमिग्रेशनला लागतो तो ए-नंबर. नोकरीच्या आय-९ फॉर्मवर दोन्हींचे रकाने आहेत. ते मी कुणालाही न विचारता भरले. ग्रीन कार्डावर ‘यूएससीआयएस नंबर’ म्हणून छापतात तोही ए-नंबरच. मागच्या बाजूचा अक्षरांनी सुरू होणारा नंबर त्या प्लास्टिकच्या कार्डाचा, कार्ड बदललं की बदलणारा.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून माझा प्रवर्ग सीआर-१ आणि कार्ड दोन वर्षांचं, सशर्त. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो. यात अर्जदार मी होते, नवऱ्याची सही माझ्यासोबत. आमचं सगळं नीट पार पडलं. पण ज्यांचं पडत नाही अशाही मुली इथे मला भेटल्या. घटस्फोट झाला किंवा घरात छळ होत असला तर हा अर्ज एकटीने भरता येतो. १९९४ च्या कायद्याने तर नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या बायकोला आय-३६० भरून स्वतःच अर्जदार होता येतं, नवऱ्याला कळू न देता. ज्या मुलीचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात आहे आणि जिला स्वतःचा ए-नंबर माहीत नाही, ती हे कसं करणार? बापाकडून नवऱ्याकडे फाइल सोपवण्याची आपली रीत प्रेमापोटी असेल, तरी ती मोडायला हवी.

आमच्या शेजारच्या काकूंचं उदाहरण मी अनेकींना सांगते. सासरी त्यांचं पहिलं नावसुद्धा बदललं. माहेरच्या कागदांवर एक बाई, ग्रीन कार्डावर दुसरी. नागरिकत्व घेताना त्यांनी पुन्हा माहेरचं नाव लावलं, आणि या सगळ्या नावांना जोडणारा ए-नंबर कार्डापासून नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रापर्यंत तोच राहिला.

सध्या कोल्हापूरची माझी मावसबहीण याच वाटेवर आहे. तिला मी वही घालायला लावली : नंबर, कुणी दिला, कधी, आणि तो कोण विचारणार. रिसीट नंबर आणि केस नंबर लिहून झालेत. ए-नंबरची ओळ मोकळी आहे. तिच्याही जन्मदाखल्यावर नावाच्या जागी रेघ आहे. काल तिने महापालिकेच्या अर्जाचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘‘ताई, शाळेचा दाखला मूळ जोडू की झेरॉक्स?’’ मी कळवलं, मूळ दाखव, झेरॉक्स दे, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.